हलता हलेना असे इंजिन कव्हर : न मोडता काढण्याची रीत

बॉनेट उघडताच इंजिनाच्या माथ्यावर जे काळे प्लॅस्टिकचे झाकण दिसते आणि ज्यावर बहुधा कंपनीचे चिन्ह किंवा इंजिनाचे नाव उठवलेले असते, ते काढल्याशिवाय घरच्या घरी करण्याजोगी बरीचशी कामे सुरूच होत नाहीत. बहुतेक पेट्रोल गाड्यांत स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल त्याच्या खाली असतात, डिझेल गाड्यांत इंजेक्टरच्या बुडाशी होणारी गळती ते उचलल्यावरच दिसते, आणि रात्रीतून उंदराने वायर कुरतडल्याचा संशय आला तर पहिली नजर तिथेच टाकावी लागते. गाडी नवी असताना हे कव्हर दोन हातांनी वर ओढले की निघते. पाच-सात उन्हाळे काढलेल्या गाडीत मात्र ते जागचे हलत नाही, आणि मग एक कोपरा दोन्ही हातांनी धरून जोराचा हिसका दिला जातो. कव्हर तुटते ते जवळपास नेहमी याच हिसक्यात.

अडलेले कव्हर सर्व बाजूंनी अडलेले नसते. चार आधारांपैकी तीन सुटण्याच्या बेतात असतात आणि एखादाच धरून बसलेला असतो, किंवा धुळीखाली झाकला गेलेला एखादा बोल्ट नजरेतून सुटलेला असतो. ती एक जागा शोधणे हे या कामाचे मर्म आहे. जोर लावण्याची वेळ त्यानंतर येते. म्हणून या लेखात ओढण्याआधीच्या पाहणीला जास्त जागा दिली आहे. गाडीच्या पोटाखाली असणारे, चिखल अडवणारे कव्हर हा वेगळा विषय असून त्याचा विचार येथे केलेला नाही.

कव्हर कशाने धरले आहे ते आधी ठरवावे

आजच्या बऱ्याच गाड्यांत हे कव्हर स्क्रूने नव्हे, तर दाबून बसवलेले असते. इंजिनावर गोल डोक्याच्या धातूच्या खुंट्या असतात आणि कव्हरच्या खालच्या बाजूस त्या खुंट्यांवर बसणारे रबरी बुश असतात. सुट्या भागांच्या दुकानात यांना अनुक्रमे बॉल स्टड आणि ग्रोमेट म्हणतात. खुंटीचे डोके रुंद आणि मान बारीक असल्याने रबर डोक्यावरून सरकून मानेत अडकते. रचना टिचबटणासारखी आहे, आणि टिचबटण जसे सरळ रेषेत ओढले तरच नीट सुटते, तसेच हेही. तिरके ओढल्यास रबर मानेभोवती आणखी आवळते आणि सगळा ताण प्लॅस्टिकच्या पातळ कडेवर जातो.

दुसरा प्रकार बोल्ट किंवा नटाचा. यात बहुधा १० मिलिमीटरच्या पान्ह्याचे नट असतात किंवा तारेच्या आकाराची खाच असलेले स्टार स्क्रू असतात. अडचण अशी की शोभेसाठी ते अनेकदा छोट्या गोल टोप्यांखाली लपवलेले असतात. पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियाचे १.९ लिटर डिझेल इंजिन हे याचे परिचित उदाहरण आहे. तिथे कव्हरवरच्या गोल टोप्या चपट्या टोकाने उचलल्यावर खाली नट सापडतात. टोपी हा कव्हरचाच भाग समजून वर ओढत राहिले तर काय होईल ते सांगण्याची गरज नाही.

तिसरा प्रकार मिश्र असतो आणि फसगत करण्यात तोच पुढे असतो. पुढच्या बाजूस दोन रबरी बुश असतात, परंतु मागच्या बाजूस, म्हणजे काचेकडील अंगाला, कव्हरच्या दोन जिभा कंसात सरकवलेल्या असतात. असे कव्हर आधी पुढून वर उचलावे लागते आणि मग सबंध कव्हर स्वतःकडे ओढून जिभा मोकळ्या कराव्या लागतात. मागची बाजू वर ओढणाऱ्याला ते जन्मात निघणार नाही. काही गाड्यांत पाव फेरा फिरवून सुटणाऱ्या क्लिपाही असतात. त्यांच्या डोक्यावर चपटी खाच दिसते.

याशिवाय दोन अडथळे कव्हरचे नसून त्यातून आरपार जाणाऱ्या वस्तूंचे असतात : इंजिन ऑइल भरण्याचे झाकण आणि ऑइल मोजण्याची डिपस्टिक. या दोहोंपैकी जे कव्हरच्या छिद्रातून वर आले असेल ते आधी काढावे लागते.

शेवटचा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांपैकी अनेकांवर माथ्यावर जे काळे खोके दिसते ते शोभेचे कव्हर नसून एअर फिल्टरची पेटी असते. इतर काही कंपन्यांच्या इंजिनांतही फिल्टर कव्हरच्या पोटातच बसवलेला असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : झाकणाला मनगटाएवढी जाड नळी जोडलेली असेल, किंवा त्याच्या कडेने वायरचा सॉकेट आत गेलेला दिसत असेल, तर ती फिल्टरची पेटी समजावी. तिला आधी नळ्या आणि वायर सोडवल्याशिवाय हात लावू नये.

ही ओळख पटवण्यासाठी गाडीचे माहितीपुस्तक पाहावे, परंतु बऱ्याच पुस्तकांत या कव्हरचा उल्लेखही नसतो. अधिक खात्रीचा उपाय म्हणजे मोबाइलचा टॉर्च चालू करून कव्हरच्या चारही कडांखाली तो जेवढा जाईल तेवढा सरकवून चित्रण करणे. सावकाश पाहिलेल्या त्या चित्रणात खुंट्या, कंस आणि लपलेले बोल्ट यांची जागा कळते. त्यानंतर तळहाताने कव्हरचा एकेक भाग वरून हलकेच दाबून पाहावा. ज्या ठिकाणी रबराची किंचित उसळी जाणवते तिथे बुश आहे. जिथे काहीच हालचाल नाही तिथे बोल्ट किंवा कंस असण्याची शक्यता मोठी. सापडलेल्या प्रत्येक आधारावर खडूने खूण केल्यास पुढचे काम निम्म्याने सोपे होते.

मराठवाड्यात ते का चिकटते

कोकणात इंजिनावरचे बोल्ट खाऱ्या दमट हवेने गंजतात आणि तिथला माणूस गंज सोडवण्याच्या तयारीने कामाला लागतो. आपल्याकडे गंजाचा त्रास त्या मानाने कमी. आपले शत्रू उष्णता आणि धूळ हे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत नांदेड, परभणी, बीड भागांत पारा ४२ अंशांच्या वर जाणे नेहमीचे आहे. त्यात चालू इंजिनातील कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपास असते, आणि गाडी थांबवल्यावर वारा व पंखा दोन्ही बंद होत असल्याने बॉनेटखालची उष्णता काही मिनिटे उलट वाढते. वर्षानुवर्षे हा ताप सोसणारे रबर टणक होते आणि खुंटीच्या मानेवर आक्रसून बसते. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे या शोभेच्या कव्हरखाली इंजिनावरच बसलेल्या झाकणाच्या, पॅकिंगमधून किंवा भरताना सांडलेल्या ऑइलचा ओघळ जिथे पोहोचतो, तिथले रबर याच्या उलट फुगते आणि चिकट होते. दोन्हींचा परिणाम एकच.

कव्हरच्या प्लॅस्टिकवरही हवेचा परिणाम होतो, आणि तो फारसा कोणी लक्षात घेत नाही. ही कव्हरे बहुधा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असतात. नायलॉन हवेतील ओलावा शोषते आणि त्या ओलाव्यामुळेच त्याला चिवटपणा येतो. कोरड्या हवेत आणि इंजिनाच्या सततच्या उष्णतेत तो ओलावा निघून जातो, नायलॉन ठिसूळ होते, आणि जे कव्हर पावसाळ्यात वाकून सुटले असते ते उन्हाळ्यात कट्‌ आवाज करून तुटते.

धुळीचे म्हणाल तर काळ्या मातीची धूळ अतिशय बारीक असते. खडी क्रशरजवळच्या रस्त्यावर, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे किंवा शेताच्या पांदीतून रोज जाणाऱ्या गाडीत ती बुश आणि खुंटी यांच्यामधल्या फटीत जाऊन बसते. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की टणक होते. इंजिन चकाचक करण्याच्या हौसेने वॉशिंग सेंटरवर दाबाच्या पाण्याने बॉनेटखालचा भाग धुऊन घेतला जातो तेव्हा हीच धूळ चिखल होऊन बुशाच्या आत ढकलली जाते, पाणी सुकते आणि आत गच्च बूच तयार होते. वर बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरलेले असले तर पांढरा थर चढतो तो निराळाच. माझे मत विचाराल तर इंजिनाच्या माथ्यावर दाबाचे पाणी मारून घेणे ही गाडीची सेवा नव्हे. ओलसर फडके आणि मऊ ब्रश एवढे पुरे आहे.

वेळ आणि खबरदारी

पूर्ण तापलेले इंजिन आणि पूर्ण गार इंजिन या दोन्ही अवस्था या कामाला वाईट. तापलेल्या इंजिनाने हात भाजतो. गार अवस्थेत रबर आणि प्लॅस्टिक दोन्ही कडक असतात, आणि परभणीत ज्या थंडीत पारा पाच अंशांखाली गेल्याच्या नोंदी आहेत त्या थंडीत पहाटे कव्हर ओढायला जाणे म्हणजे ते मोडायलाच जाणे आहे. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणावी, बंद करावी, बॉनेट उघडून ठेवावे आणि अर्धा-पाऊण तास थांबावे. कव्हरवर तळहात निवांत टेकवता येईल इतके ते कोमट झाले की काम सुरू करावे. उन्हाळ्यात ही कामे सकाळी सावलीत करावीत, त्याला आणखी एक कारण आहे : दुपारच्या वावटळीने टेकूवर उभे असलेले बॉनेट निसटून डोक्यावर येऊ शकते.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चावी काढून उभी असावी. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून गळ्यातील उपरणे, सैल बाह्या आणि हातातील कडे-अंगठ्या आधी दूर ठेवाव्यात. डिझेल इंजिनात इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक लोखंडी नळ्यांना पान्हा लावू नये. त्यांतील दाब हजार बारच्या पुढे जातो आणि चालू इंजिनात तिथून उडालेली डिझेलची बारीक धार कातडीत शिरू शकते. हायब्रिड गाडीत नारिंगी रंगाच्या केबल दिसल्या तर त्या उच्च दाबाच्या विजेच्या असतात, त्यांना स्पर्शही करू नये.

अवजारे फार लागत नाहीत. १० मिलिमीटरचा गोटी पान्हा आणि त्याला जोडायचा लांब दांडा, स्टार बिटांचा लहान संच, चपट्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, मऊ ब्रश, दोन स्वच्छ सुती फडकी, सुटे नट ठेवायला एखादी वाटी आणि हातमोजे. दाराची आतील पॅनेल उचकटण्यासाठी जी प्लॅस्टिकची पाती मिळतात ती असली तर उत्तम. नसली तर जुन्या टूथब्रशचा जाड दांडा चालतो. वंगणासाठी सिलिकॉन स्प्रे घ्यावा. तो जवळ नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी वापरावे, कारण या तिन्हींनी रबर बिघडत नाही. पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा गंज सोडवण्याचे तेल रबरी बुशावर मुळीच सोडू नये. ते रबर फुगवते, आणि आज सुटलेले कव्हर पुढच्या वेळी दुप्पट अडते.

काढण्याची रीत

प्रथम कव्हरच्या कडांवरची आणि खाचांमधली धूळ कोरड्या ब्रशने झाडून घ्यावी. ही स्वच्छता दिसण्यासाठी नाही. ऑइलचे झाकण उघडताना हीच धूळ थेट इंजिनात पडू शकते. झाकण कव्हरमधून वर आलेले असेल तर ते फिरवून काढावे आणि उघड्या तोंडावर ताबडतोब स्वच्छ फडके बसवावे. फडके असे मोठे असावे की ते आत पडूच शकणार नाही. गॅरेजमध्ये हात पुसायला वापरतात ती सुताची गुंतवळ येथे वापरू नये; तिचे धागे सुटून आत जातात. जुन्या धोतराचा किंवा चादरीचा घट्ट विणीचा तुकडा सर्वांत चांगला. डिपस्टिक काढावी लागली तर कव्हर निघताच ती पुसून पुन्हा जागेवर घालावी.

बोल्ट किंवा नट असल्यास ते आधी, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, सोडवावेत. सर्व बोल्ट एकाच लांबीचे असतीलच असे नाही, म्हणून कोणता कुठला होता हे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर कव्हरची आकृती काढून त्यात टोचून ठेवावे. बोल्टखालचे वायसर आणि धातूची छोटी नळी कव्हरमध्येच राहू द्यावी. ती हरवली तर पुढे बोल्ट आवळताना प्लॅस्टिक चिरडते.

कव्हरच्या कडेवर खोचलेल्या वायर आणि बारीक रबरी नळ्या यानंतर मोकळ्या कराव्यात. उष्णतेने कडक झालेली नळी सरळ ओढल्यास फाटते. तिला आधी जागच्या जागी डावी-उजवीकडे थोडे पिळावे, ती फिरू लागली की मग ओढावे. वायरचा सॉकेट काढताना त्याची कुलुपासारखी पट्टी पूर्ण दाबली गेली आहे याची खात्री करावी आणि वायरला धरून नव्हे तर सॉकेटला धरून ओढावे. सोडण्यापूर्वी प्रत्येक जागेचा फोटो घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे.

आता रबरी बुशांचे काम. बहुतेक लोक येथे लगेच वर ओढतात. त्याऐवजी आधी प्रत्येक बुशाच्या नेमक्या वर तळहात ठेवून कव्हर खाली दाबावे आणि सोडावे. असे चार-पाच वेळा केल्याने खुंटीच्या मानेवर चिकटलेले रबर सुटते आणि आत साचलेली माती भुगा होऊन मोकळी होते. त्यानंतर फटीतून सिलिकॉन स्प्रेची नळी बुशापर्यंत नेऊन अगदी थोडा फवारा द्यावा. इंजिन कोमटच असावे ही अट येथे पुन्हा महत्त्वाची ठरते, कारण स्प्रेमधील वायू ज्वालाग्राही असतो आणि एक्झॉस्टची नळी किंवा टर्बो तापलेले असताना तो उडवणे धोक्याचे आहे. फवारल्यावर पाच मिनिटे थांबून दाबण्याची क्रिया पुन्हा करावी.

ओढताना हात कव्हरच्या टोकाला नसावेत. दोन्ही हातांची बोटे कव्हरखाली घालून ती बुशाच्या शक्य तितक्या जवळ, त्याच्या दोन्ही बाजूंना यावीत, कोपर शरीराजवळ असावेत, आणि जोर सरळ खुंटीच्या रेषेत असावा. अनेक इंजिने किंचित मागे किंवा पुढे झुकवून बसवलेली असतात आणि खुंट्याही त्याच कोनात असतात. त्यामुळे सरळ म्हणजे आकाशाकडे असे नव्हे. चित्रणात दिसलेला खुंटीचा कल लक्षात ठेवून तीच दिशा धरावी. जोर हळूहळू वाढवावा, हिसका देऊ नये. सर्वांत सैल वाटणारा बुश आधी सोडवावा, मग त्याच्या शेजारचा. एक बुश सुटला म्हणून ती बाजू फार वर उचलू नये. दोन-तीन सेंटिमीटर पुरे. तेवढ्यावर थांबून पुढच्याकडे जावे, नाहीतर उरलेल्या आधारांवर कव्हर तरफ होऊन मोडते. पुढचे दोन मोकळे झाल्यावर मागचे हलत नसतील तर ते बुश नसून सरकवलेल्या जिभा असण्याचा संभव आधी तपासावा.

तरीही एखादा बुश सुटत नसेल

तीन सुटले आणि चौथा अडला, ही सर्वसाधारण स्थिती आहे. अशा वेळी घाई न करता त्या एकाच जागेवर लक्ष द्यावे. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा त्या कोपऱ्यावर दोन-तीन मिनिटे, हात थोडा हलता ठेवून सोडावी. पेंट उतरवण्याची हीट गन वापरू नये. तिची हवा काही क्षणांत प्लॅस्टिक वितळवू शकते. रबर ऊबदार झाल्यावर ग्लिसरीनचे चार थेंब पुन्हा सोडावेत आणि कव्हर त्या खुंटीभोवती आडवे, डावी-उजवीकडे, अगदी थोडे फिरवून पाहावे. बाकीचे आधार मोकळे असल्याने आता ही हालचाल शक्य असते, आणि बहुतेक हट्टी बुश या फिरवण्यानेच सुटतात.

बोटे आत जात नसतील तर रुंद सुती पट्टी, उदाहरणार्थ जुन्या पिशवीचा बंद, बुशाच्या दोन्ही बाजूंनी कव्हरखालून ओवून तिची दोन्ही टोके वर एकत्र धरावीत आणि एकसारखी ओढावीत. सुतळी वापरू नये, ती कडेला काचते. प्लॅस्टिकचे पाते वापरायचे असल्यास ते बुशाच्या अगदी लगत घालावे आणि त्याचा टेकू कुठे येतो ते टॉर्चने पाहावे. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर फडके गुंडाळूनही तरफेसारखा वापरण्याच्या मी विरोधात आहे, कारण त्याच्या टेकूखाली इंधनाची नळी, इंजेक्टरचा सॉकेट किंवा प्लॅस्टिकचे टॅपेट कव्हर असू शकते, आणि शोभेचे कव्हर वाचवताना त्यांपैकी एकाला चीर पडली तर खर्चाचा आकडा फार वेगळा होतो.

कधी कधी कव्हर निघते, पण रबरी बुश खुंटीवरच राहतो. यात बिघडलेले काही नसते. बुश खुंटीवरून वेगळा ओढून काढावा, स्वच्छ करावा आणि कव्हरच्या खाचेत परत बसवावा. कधी खुंटीच इंजिनातून आट्यांसह फिरून वर येते. ती हाताने पुन्हा फिरवून बसवावी आणि शेवटी छोट्या पान्ह्याने अगदी हलकी आवळावी. ती ज्या ॲल्युमिनियममध्ये किंवा प्लॅस्टिकमध्ये बसते त्याचे आटे नाजूक असतात.

बोल्ट फिरेना किंवा नुसताच फिरतो आहे

स्टार स्क्रू अडला असेल तर पहिला संशय खाचेतल्या मातीवर घ्यावा. खाच टोकदार काडीने स्वच्छ केल्यावर बिट पूर्ण खोल बसते आणि निम्मे अडलेले स्क्रू तिथेच सुटतात. बिटाचा आकार अचूक असावा. जवळपासचे बिट वापरून खाच झिजवण्यापेक्षा बाजारात जाऊन योग्य बिट आणणे स्वस्त पडते. धातूतल्या धातूत बसलेल्या बोल्टवर गंज सोडवण्याचे तेल थेंबभर सोडून वीस-पंचवीस मिनिटे थांबावे, मात्र ते रबरावर ओघळू देऊ नये. मग बिट खाचेत ठेवून लहान हातोडीने त्यावर दोन-तीन हलक्या टिचक्या माराव्यात आणि एकदा आवळण्याच्या दिशेने अगदी किंचित, मग सोडण्याच्या दिशेने फिरवावे. खाच झिजलीच असेल तर बिट आणि खाच यांच्यामध्ये रुंद रबर बँडचा तुकडा ठेवून पाहावा. पकड पुष्कळदा मिळते. त्यापुढचे उपाय, म्हणजे डोके छिद्र पाडून उडवणे वगैरे, इंजिनाच्या माथ्यावर घरी करू नयेत. लोखंडाचा कीस नेमका जिथे जाऊ नये तिथेच जातो.

बोल्ट फिरतो पण वर येत नाही, तेव्हा त्याखालचा प्लॅस्टिकमधला धातूचा तुकडा सुटून सोबत फिरत असतो. बोल्टच्या डोक्याखाली प्लॅस्टिकचे पाते घालून त्याला वरचा ताण द्यावा आणि तो ताण कायम ठेवून सोडण्याच्या दिशेने फिरवावे.

कव्हर निघाल्यावर

कव्हर उलटे करून पाहण्यात दोन मिनिटे घालवावीत. आवाज दाबण्यासाठी आतून लावलेला फोम ऑइलने भिजलेला असेल तर तो आगीला निमंत्रण देणारा आहे. तो काढून टाकावा आणि ऑइल कुठून येते ते शोधावे. सुगीनंतर शेतातले उंदीर वस्तीकडे वळतात आणि या फोमचे तुकडे करून कव्हरखालच्या उबेत घरटे करतात. गाडी ज्वारीच्या कणग्या किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी राहत असेल तर हे हमखास तपासावे. घरटे हाताने उचलू नये आणि हवेच्या झोताने उडवूही नये. हातमोजे घालून, तोंडाला फडके बांधून, आधी जंतुनाशकाचे पाणी हलके शिंपडून ओल्या फडक्याने उचलावे. प्रत्येक वायर बोटांनी चाचपून कुरतडल्याच्या खुणा पाहाव्यात.

स्पार्क प्लगचे काम असेल तर कॉइल उचलण्यापूर्वी तिच्याभोवतीची धूळ ब्रशने आणि हवेच्या झोताने बाजूला करावी, अन्यथा प्लग काढताच ती सिलिंडरमध्ये उतरते. कव्हर नुसते शोभेचे आणि आवाज दाबण्याचे असेल तर बुश मिळेपर्यंत काही दिवस त्याविना गाडी चालवता येते, मात्र त्यावर टेकवलेली एखादी वायर मोकळी लोंबत राहू नये. फिल्टरची पेटी असलेल्या गाडीला ही सवलत अजिबात नाही. आपल्याकडची धूळ गाळल्याविना इंजिनात जाऊ लागली तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती घासल्या जातात, आणि ती झीज पुन्हा भरून येत नाही.

बुशाची खाच असलेला प्लॅस्टिकचा भाग तुटलाच असेल तर तो फेव्हिक्विकसारख्या झटपट गोंदाने जोडून उपयोग होत नाही. तो जोड उष्णतेत आणि थरथरीत टिकत नाही. दोन घटकांचे, उष्णता सोसणारे इपॉक्सी वापरून, तुटक्या जागेमागे जाळीचा किंवा पातळ प्लॅस्टिकचा आधार देऊन जोड करावा आणि चोवीस तास हलवू नये. एखादे कव्हर चारपैकी दोन आधारांवर राहिले असेल तर ते बसवण्यापेक्षा काढून ठेवलेले बरे, कारण सैल कव्हर घसरून पट्ट्यावर किंवा एक्झॉस्टवर टेकू शकते.

परत बसवताना

सर्व बुश कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, कोरडे करून, नखाने दाबून पाहावेत. नखाचा व्रण उमटून परत भरून आला तर बुश चांगला. दाबताच चीर पडली तर बदलावा. कंपनीचा मिळाला नाही तर जुना नमुना दुकानात नेऊन खुंटीच्या डोक्याचा व्यास आणि कव्हरच्या खाचेची जाडी जुळवून घ्यावी. खुंट्यांवरचा मातीचा थर ओल्या फडक्याने पुसावा आणि प्रत्येक डोक्यावर सिलिकॉन ग्रीसचे अगदी पातळ बोट फिरवावे. साधे चाकाचे ग्रीस लावू नये. ते रबर बिघडवते आणि धूळ धरते. पावसाळा सरल्यावर आणि उन्हाळा लागण्यापूर्वी, असे वर्षातून दोनदा कव्हर नुसते उचलून एवढी देखभाल केली तर ते पुन्हा सहसा अडत नाही.

मागे जिभा असतील तर त्या आधी सरकवाव्यात. कुठलीही वायर किंवा नळी कव्हरच्या कडेखाली दबत नाही ना ते चारी बाजूंनी पाहून प्रत्येक बुशाच्या नेमक्या वर तळहाताने दाबावे. खुंटी आत बसल्याचा टक्‌ असा आवाज किंवा झटका जाणवतो. कव्हरच्या मध्यावर मूठ मारून सगळे एकदम बसवू नये. बोल्ट असल्यास सर्व हाताने काही फेरे लावून मग एकानंतर त्याच्या समोरचा अशा क्रमाने आवळावेत, आणि लांब दांड्याचा पान्हा बाजूला ठेवून आखूड पान्ह्याने मनगटाच्या जोरावरच थांबावे. ऑइलचे झाकण लावण्यापूर्वी तोंडावरचे फडके काढले आहे हे पाहावे. वाटीतला प्रत्येक नट जागेवर गेला आहे, वाटी रिकामी आहे आणि एकही अवजार इंजिनावर राहिलेले नाही, याची खात्री झाल्याशिवाय बॉनेट लावू नये.

मग गाडी सुरू करून बॉनेट उघडे असतानाच दोन मिनिटे ऐकावे, हात मात्र दूर ठेवावा. संथ चालीत कव्हरचा खडखड आवाज येत असेल तर इंजिन बंद करावे आणि एकेक कोपरा दाबून पाहावा. जो कोपरा दाबल्यावर खाली जातो आणि सोडल्यावर पुन्हा वर येतो, तिथला बुश बहुधा खुंटीवर न बसता बाजूला दुमडलेला असतो. तेवढी बाजू उचलून, बुश खाचेत सरळ करून ती पुन्हा बसवावी.